हत्यारांचं जुनं लोखंडी कपाट: चावी हरवली, नवी केली, तरी पुन्हा अडकते

बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून हत्यारांचं लोखंडी कपाट घरी येतं. पत्रा जाड, काम दणकट, फक्त चावी नसते. चावीवाला चावी करून देतो आणि कुलूप फिरतं. काही आठवड्यांनी तीच चावी जड जायला लागते, मग पिळल्यासारखी वाकते आणि एक दिवस तिचा अर्धा तुकडा कुलपातच राहतो. दुसरी चावी केली तरी पुढे तेच होतं.

अशा तक्रारींत चावीचा दोष क्वचितच निघतो. कपाट तिरकं उभं असतं, त्यामुळे दाराच्या आतल्या, हँडलने वर-खाली सरकणाऱ्या सळया चौकटीच्या भोकात अडून बसतात. त्या सोडवायला लागणारं सगळं बळ मग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चावीवर पडतं. चावी कितीही चांगली घासली तरी असा भार तिला पेलत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी कपाट सरळ उभं करणं, मग सळया, मग कुलपाची सफाई, त्यानंतर चावी आणि सगळ्यात शेवटी रंग. लोक बहुधा रंगापासून सुरुवात करतात, आणि तिथेच पुढच्या बिघाडाची सोय होते. त्याचं कारण खाली रंगाच्या भागात येईल.

आधी कुलूप ओळखा

दोन दारांच्या उंच कपाटाला बहुतेक वेळा लिव्हरचं कुलूप असतं, म्हणजे आतली पितळी पानं (लिव्हर) चावीने उचलली की उघडणारं. मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. तिथून पुढे आपल्याकडे तिजोऱ्यांत आणि कपाटांत लिव्हरचं कुलूपच रुळलं. चावीची दांडी गोल आणि टोकाला पायऱ्या कापलेली पाती असेल, तर कुलूप लिव्हरचं. दांडी भरीव असते किंवा नळीसारखी पोकळ असते. कुलपाच्या भोकात डोकावल्यावर मधोमध बारीक खुंट उभा दिसला, तर त्याला नळीची चावी लागते.

खणांच्या बुटक्या कपाटाला, म्हणजे पाने, ड्रिल, गेज ठेवायच्या सात-आठ खणांच्या पेटीला, चपट्या चावीचं कॅम लॉक असतं, म्हणजे चावीबरोबर मागची छोटी पट्टी (कॅम) फिरणारं लहान कुलूप. त्याच्या दर्शनी तोंडावर कधीकधी आकडे ठोकलेले असतात. ते आधी लिहून घ्या. तो चावीचा क्रमांक असेल तर कुलूप न उघडताही त्यावरून चावी कापून मिळू शकते. ब्रशने साफ करण्याआधी भिंग घेऊन बघा, कारण गंज खरवडताना पुसट आकडे निघून जातात.

कपाट बंद अवस्थेत मिळालं असेल तर

पहार लावू नका. दाराचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो. कडेला एकदा पोचा पडला की दार चौकटीत पुन्हा नीट बसत नाही आणि तो पोचा ठोकून सरळ करताना पत्रा ताणून लांबतो. आधी मागची बाजू तपासा. काही कपाटांचा मागचा पत्रा नट-बोल्टने कसलेला असतो. तो काढला की आतून दारापर्यंत हात पोचतो. मागचा पत्रा वेल्डिंग केलेला किंवा रिव्हेट मारलेला असेल तर जाणत्या चावीवाल्याला बोलवा आणि खरेदीची पावती जवळ ठेवा. चांगला कारागीर ती मागतोच आणि त्याने ती मागावीच.

चावीचा तुकडा आत राहिला असेल तर सुपरग्लू लावलेली काडी आत घालू नका. ग्लू तुकड्याला चिकटण्याआधी लिव्हरला चिकटतो, आणि मग चावीऐवजी पूर्ण कुलूप बदलायची वेळ येते. बारीक आकडा केलेली पोलादी तार तुकड्याच्या बाजूने आत सरकवून सरळ बाहेर ओढा. अर्धवट फिरलेल्या अवस्थेत चावी तुटली असेल तर तुकडा आधी मूळ जागी फिरवावा लागतो, नाहीतर तो भोकातून बाहेर येतच नाही.

दोष कुठे आहे हे ठरवणारी एक चाचणी

दार उघडं ठेवा. हँडल हवेतच बंदच्या स्थितीत फिरवा, म्हणजे वरची आणि खालची सळई बाहेर येईल. आता चावी फिरवा. उघड्या दारात चावी अलगद फिरते आणि दार लावल्यावर जड जाते, तर कुलूप आणि चावी दोन्ही ठीक आहेत. कपाट तिरकं आहे किंवा सळया अडताहेत. उघड्या दारातही चावी जड जात असेल तर दोष कुलपात किंवा चावीत आहे. उघड्या दारात हँडल मोकळं सोडल्यावर चावी सहज फिरते, पण हँडल किंचित उलट दाबून धरलं की अडते, असं झालं तर हँडलची पट्टी शेवटपर्यंत पोचत नाही आणि कुलपाची जीभ, म्हणजे चावीने सरकणारा तुकडा, तिच्या खाचेत पूर्ण शिरत नाही.

चाचणी झाली की हँडल लगेच मागे घ्या. सळया बाहेर असताना दार आपटलं तर चौकटीची कड वाकते.

कपाट सरळ उभं करणं

रिकामं कपाट आणि भरलेलं कपाट या दोन निराळ्या वस्तू समजा. हत्यारांनी भरलेल्या कपाटाचं वजन शे-दीडशे किलोच्या पुढे सहज जातं, आणि शहाबादी फरशीचा किंवा जुन्या कोब्याचा उतार तेव्हाच जाणवतो. म्हणून पाणसळ दोनदा लावायची, एकदा रिकामं असताना आणि एकदा भरल्यावर.

दाराच्या मोकळ्या जागेचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे यायला हवेत. ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे सळया अडतातच. नंतर दोन्ही दारं लावून मधली फट आणि वरच्या कडा बघा. जे दार खाली उतरलेलं दिसतं, त्या बाजूच्या पुढच्या पायाखाली लोखंडी पट्टीचा तुकडा सरकवा. ५० × ५० मिलिमीटरचे, २ आणि ३ मिलिमीटर जाडीचे चार-सहा तुकडे कापून ठेवले की काम भागतं. परिणाम उलटा दिसला तर तोच तुकडा त्याच बाजूच्या मागच्या पायाखाली घालून बघा. पुठ्ठा, लाकडाची चिपळी, रबर यांतलं काही घालू नका. पावसाळ्यात पुठ्ठा दबतो, लाकूड फुगतं, आणि गणपतीच्या सुमारास चावी पुन्हा अडते. "दर पावसाळ्यात कुलूप बिघडतं" या तक्रारीमागे पायाखालचा पुठ्ठा असू शकतो. कुलूप खोलण्याआधी एकदा वाकून खाली बघा.

बिजागरीही तपासा. दार ४५ अंश उघडून मोकळ्या कडेला धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बिजागरीची पिन झिजली आहे. पिन ठोकून काढून व्हर्नियरने मोजा आणि भोक ज्या मापाचं झालं असेल त्या मापाची नवी पिन घाला. झिजल्यामुळे भोक साधारणपणे गोल राहत नाही. ते अर्धा मिलिमीटर मोठ्या ड्रिलने गोल करून घ्यावं आणि मग पिन बसवावी. जुन्याच पिनेला ग्रीस लावून भागवणाऱ्यांचं दार वर्षभरात पुन्हा उतरतं.

सळया

कपाट सरळ झालं, दारं एका ओळीत आली, तरी चावी जड जात असेल तर सळईची टोकं बघा. कपड्यांना घालायची नीळ थेंबभर तेलात कालवून टोकाला लावा, दार लावा, हँडल फिरवा आणि पुन्हा उघडा. चौकटीच्या भोकाच्या ज्या कडेवर निळा डाग दिसेल तिथे सळई घासते आहे. सळई वाकली असेल तर काढून सपाट लोखंडावर सरळ करा. सळई धरणारी कडी वाकली असेल तर ती सरळ करा. यांतलं काही नसेल तरच भोक गोल कानशीने वाढवा, तेही डाग पडला त्याच बाजूला आणि एका वेळी अर्धा मिलिमीटर. सळईभोवती एक ते दीड मिलिमीटर मोकळीक पुरते. त्याहून जास्त वाढवलं तर दार लावल्यावर खडखडतं.

सळईच्या टोकाला कानशीने थोडा उतार द्या, शेवटच्या ५-६ मिलिमीटरांत. टोक सपाट असेल तर ते भोकाच्या कडेवर येऊन थांबतं, उतार असेल तर भोकात सरकून जातं. दहा मिनिटांचं काम आहे, पण हँडलच्या वागण्यात पडलेला फरक हाताला लगेच कळतो.

कुलूप उतरवणं आणि खोबरेल तेलाची गोष्ट

दाराच्या आतल्या बाजूला कुलपावर पत्र्याचं झाकण असतं, ते स्क्रूने काढा. त्याखाली कुलपाची पेटी तीन-चार स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी दाराला धरलेली असते. उतरवण्याआधी फोटो काढा. हँडलची पट्टी आणि कुलपाची जीभ यांची परस्पर जागा फोटोत स्पष्ट दिसायला हवी, कारण परत बसवताना गोंधळ तिथेच होतो.

पेटीचं झाकण उघडलं की एकावर एक ठेवलेली पितळी पानं दिसतात. हे लिव्हर. कपाटाच्या कुलपात ते साधारण चार ते आठ असतात. प्रत्येकात एक खाच असते आणि जिभेवर एक खुंटी असते. योग्य चावी प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलते, सगळ्या खाचा एका ओळीत येतात, खुंटी त्यांतून पार होते आणि जीभ सरकते. एक जरी लिव्हर कमी किंवा जास्त उचलला गेला तरी खुंटी त्याच्या अंगावर आपटून थांबते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कुलूप कुठे आणि का अडतं ते समजायला पुस्तक लागत नाही.

लिव्हर काढताना क्रम बदलू देऊ नका. तारेचं एक टोक वाकवून, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यात ओवत जा. प्रत्येकाला बारीक पट्टीची स्प्रिंग असते. ती तुटलेली असेल तर तो लिव्हर खाली बसत नाही. मग कुलूप कधी लागतं, कधी लागत नाही. अशी स्प्रिंग फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्टीतून कापून बसवता येते.

आपल्याकडे कुलूप जड गेलं की त्यात खोबरेल तेल सोडायची सवय आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे पारा १० ते १२ अंशांवर येतो, तेव्हा लिव्हरमधलं तेल मेणासारखं घट्ट होतं आणि स्प्रिंगेला लिव्हर खाली दाबता येत नाही. सकाळी न उघडणारं कुलूप दुपारी आपोआप उघडत असेल तर आत खोबरेल आहे असं समजून सफाई करा. मशीनचं तेलही लिव्हरवर नको. ते थिजत नाही, पण लोखंडाचा कीस आणि धूळ धरून ठेवतं, आणि वर्कशॉपच्या हवेत या दोन्हींची कमी नसते. गंज सोडवणारे स्प्रे अडकलेला भाग सुटा करायला उत्तम आहेत, पण त्यांना कायमचं वंगण समजू नका. त्यांतला पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. असा स्प्रे वापरला असेल तर नंतर धुऊन काढा.

धुण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. लिव्हर कोरडे पुसा आणि पंख्याखाली तासभर वाळू द्या. लिव्हरच्या पोटाला, म्हणजे चावी जिथे टेकते त्या कडेला, पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका. ती कड झिजली की कुलपाचं मापच बदलतं. परत बसवताना लिव्हरवर चिमूटभर ग्रॅफाइट पूड. ती नसेल तर ६बी पेन्सिलीचं शिसं घासून पूड काढा. जीभ पेटीवर जिथे सरकते, फक्त तिथे ग्रीसचा हलका हात द्या. लिव्हरकडे ग्रीस जाऊ देऊ नका.

चावी

कुलूप हातात सुटं असताना केलेली चावी आणि बंद दारावर, कोऱ्या चावीला काजळी धरून, तिच्यावर उमटलेल्या खुणा बघत घासलेली चावी यांत मोठा फरक असतो. काजळीची पद्धत चावीवाल्याच्या कौशल्याची आहे, आणि बंद कपाट न फोडता उघडायला ती लागतेच. पण त्या चावीने कुलूप उघडलं की काम संपलं असं समजू नका. कुलूप उतरवून मापावर दुसरी चावी करा. काजळीवर केलेल्या चावीत एखादी पायरी जेमतेम काम करण्याइतकीच बरोबर असते. थोडी झीज झाली की तीच पायरी अडायला लागते.

ब्लँक, म्हणजे न कापलेली कोरी चावी, निवडताना चार मापं घ्या: दांडीचा व्यास, नळीची चावी असेल तर आतल्या भोकाचा व्यास, पातीची रुंदी आणि पातीची उंची. नळीचं भोक खुंटापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोठं असावं. जास्त सैल असेल तर चावी फिरताना डुलते आणि प्रत्येक वेळी लिव्हर निराळ्या उंचीवर उचलते. पातीची उंची भोकातून जेमतेम जाईल इतकी जास्त ठेवा. जास्तीचं घासता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही. असे ब्लँक मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून शोधता येतात. जाताना उतरवलेलं कुलूपच बरोबर न्या, मापाच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

आता मापं. सगळे लिव्हर जागेवर बसवा आणि खाचा एका ओळीत येतील असे उचलून, खाचांतून २ मिलिमीटरचं ड्रिल उलटं घालून धरा. खाच त्याहून रुंद असेल तर तिच्यात घट्ट बसेल असं ड्रिल घ्या. आता प्रत्येक लिव्हरचं पोट कुलूप उघडणाऱ्या उंचीवर आहे. चावीच्या केंद्रापासून प्रत्येक पोटापर्यंतचं सरळ उभं अंतर व्हर्नियरने मोजा. त्यातून दांडीचा अर्धा व्यास वजा केला की दांडीपासून त्या पायरीची उंची मिळते. उदाहरणार्थ, अंतर ७.४ मिलिमीटर आणि दांडी ५ मिलिमीटरची असेल, तर पायरी ४.९ मिलिमीटर उंच हवी. प्रत्येक पायरी या मापापेक्षा ०.३ मिलिमीटर जास्त ठेवून कापा. उरलेलं हाताने घासायचं आहे.

लिव्हरच्या पायऱ्यांखेरीज एक पायरी जिभेची असते. ती लिव्हर उचलत नाही, जीभ ढकलते. ही पायरी चुकून जास्त घासली गेली तर जीभ शेवटपर्यंत सरकत नाही, खुंटी खाचेत अर्धवट अडकते आणि चावी फिरते पण बाहेर निघत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी लिव्हरच्या पायऱ्या घासत बसतात आणि बरी चावी वाया घालवतात.

घासायचं काम झाकण उघडं ठेवूनच करा. ड्रिल काढून घ्या, लिव्हर बोटाने हलके दाबून धरा, चावी हळू फिरवा आणि खाचांची रांग बघा. ज्या लिव्हरची खाच खुंटीच्या वर गेली, त्याची पायरी उंच आहे. सुई कानशीने दोन-तीन हलके हात द्या, पुन्हा बघा. खाच खुंटीच्या खाली राहिली तर ती पायरी जास्त घासली गेली आहे आणि नवा ब्लँक घ्यावा लागेल. म्हणून घाई नको. शेवटच्या ०.१ मिलिमीटरसाठी दहा वेळा चावी घालून काढावी लागली तरी काढा. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की कडांवरचे बारीक दाते पॉलिश पेपरने काढा. हे दाते राहिले तर लिव्हरच्या पितळात चरे पडतात.

पितळी ब्लँक घासायला सोपा, पण वर्कशॉपच्या रोजच्या वापरात तो पिळतो. पहिली चावी पितळेची करून मापं पक्की करा. वापरायची चावी जर्मन सिल्व्हरची किंवा पोलादी करून घ्या. पितळेची चावी जपून ठेवा आणि पुढच्या सगळ्या चाव्या तिच्यावरूनच काढा. नकलेवरून नक्कल काढत गेलं की प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या चावीला तो कुलपात जाणवतो. "चाव्या बदलल्या तरी तेच" यामागे हेही एक कारण असतं.

खणांच्या पेटीचं कुलूप

इथे मामला साधा आहे. एकच कुलूप सगळे खण बंद करतं. आतमध्ये उभी पट्टी असते, ती खाली-वर होऊन सगळ्या खणांच्या मागचे आकडे धरते. चावी फिरत नसेल तर आधी प्रत्येक खण पूर्ण आत गेलाय का बघा. एखादा खण तीन-चार मिलिमीटर बाहेर असला तरी पट्टी अडते. खण नेटाने दाबूनही आत जात नसेल तर तो पूर्ण उपसून मागे हात घाला. ड्रिल, वॉशर, हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा, असलं काहीतरी मागे पडलेलं सापडतं. खण ज्या घडीव पत्र्यावर सरकतात तिथे मेणबत्ती घासा. ग्रीसवर कीस बसतो.

चावीचा क्रमांक नसेल आणि कॅम लॉक साधंच असेल तर चावीपेक्षा कुलूप बदलणं शहाणपणाचं. आधी ३ मिलिमीटर, मग ६ मिलिमीटर ड्रिलने चावीच्या भोकातून सरळ आत जा. गाभ्याला धरून ठेवणाऱ्या आतल्या बारीक पत्त्यांचे तुकडे पडले की गाभा फिरतो. नवं घेताना भोकाचा व्यास (पुष्कळदा १९ मिलिमीटर, दोन बाजू १६ मिलिमीटरवर सपाट), अंगाची लांबी, कॅमच्या स्क्रूपासून टोकापर्यंतचं अंतर आणि कुलूप ९० अंश फिरतं की १८० अंश, इतकं जुन्यावरून मोजून न्या. हे शेवटचं विसरलं तर कुलूप बसतं, पण पट्टी अर्ध्यावर थांबते.

गंज आणि रंग

आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या कपाटावर शिसं असलेला रंग आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला धुळीचा मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि चिखलासारखं निघालेलं पाणी मोरीत किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नका. ते वाळवून, गोळा करून वेगळं ठेवा.

बिजागऱ्या, हँडल, खणांच्या मुठी असे सुटे लोखंडी भाग सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, रात्रभर. सकाळी ब्रश मारा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडे करा आणि तेलाचा हात द्या. तासभर जरी ओले राहिले तरी पिवळा गंज पुन्हा धरतो. पोलादी स्प्रिंगा आम्लात घालू नका, त्या ठिसूळ होतात. कारखान्याची पितळी पाटी असेल तर रंगाआधी काढून चिंचेने हलकी पुसा. अक्षरांतला काळपटपणा राहू द्या, त्यामुळेच ती वाचता येते.

पत्र्यावर १८० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, मग ३२०. गंज निघाल्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात. खड्ड्यांना एनसी पुट्टी पातळ थरांत भरा. एकदम जाड भरली तर आतून ओली राहते आणि पुढे खचते. मग ४०० नंबरने घासून इनॅमलचे दोन हात, मध्ये एक रात्र. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाटाचं बाहेरचं अंग साधारण ६ चौरस मीटर भरतं, त्याला दोन हातांना एक लिटर पुरतो आणि थोडा उरतो. जुन्या इनॅमलवर ड्युको, म्हणजे थिनरमध्ये कालवून स्प्रेने मारायचा झटपट वाळणारा रंग, मारू नका. थिनरने खालचा रंग सुरकुततो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ड्युको मारला तर त्यावर पांढरट धूसर थर येतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्या. पावडर कोटिंग टिकतं, पण भट्टीचं तापमान १८० ते २०० अंशांच्या घरात असतं आणि साधी पुट्टी ते सोसत नाही. आधी पोचे पुट्टीने भरून मग कोटिंगला पाठवलेलं कपाट फोड येऊन परत येतं.

आता सुरुवातीला म्हटलेली रंगाची अडचण. पेंटर दारं लावून, सळया आणि कुलूप जागेवर ठेवूनच स्प्रे मारतो. रंगाचा थर भोकात आणि सळईवर, दोन्हीकडे चढतो. आधीच एक मिलिमीटर मोकळीक असलेली सळई त्याने घट्ट होते आणि महिनाभराने चावी वाकते. रंगाआधी सळया, कुलूप, हँडल आणि बिजागरीच्या पिना काढा. चौकटीच्या भोकांत कागदाची सुरळी कोंबा. खण सरकतात ती जागा मास्किंग टेपने झाका. रंग पूर्ण वाळल्यावर भोकांच्या कडा एकदा गोल कानशीने साफ करा आणि मगच सळया बसवा.

सगळं जुळल्यावर कपाट भरा: जड पाने, शिकंजे, हातोडे खालच्या खणात, हलकं सामान वर. दोन दिवसांनी पुन्हा पाणसळ लावा आणि वर सांगितलेली उघड्या दाराची चाचणी करा. लिव्हरच्या पायऱ्यांची मापं कागदावर लिहून ठेवा, पण तो कागद आणि पितळेची मूळ चावी त्याच कपाटात ठेवू नका.